सोपान फिटरची लांब पायडलं

सोपान फिटर माणसाचं तोंड बघत नाही, पाय बघतो. रस्त्यात कुणी भेटलं की बाकीची माणसं राम राम घालताना समोरच्याच्या डोळ्यात बघतात. हा मान खाली घालतो. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा लाजतोय, नाहीतर ह्याचं काहीतरी खाली पडलंय. तसलं काही नसतं. तुमचा जोर चवड्यावर पडतोय का टाचेवर, तेवढंच तो बघत असतो.

माझी मंडळी, सरू, गेली त्याला आता वरीस होत आलं. दहाव्याला आमचं सगळं अंथुर्णं गाव आलं होतं. जो तो जवळ बसून दोन शब्द बोलून जात होता. सोपानही आला. लहानपणापासूनचा शेजारी. माझं घर अन् त्याचं घर ह्यात एक लिंबाचं झाड तेवढं आहे. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. त्यानं बाजूला काढून ठेवलेली माझी वहाण उचलली, उलटी केली, बोटानं तळ चाचपला आणि म्हणाला, "ज्ञानबा, उजवी वहाण आतल्या अंगानं झिजलीया. जोर वाकडा पडतुया. गळती हाय." वहाण जागेवर ठेवली आणि गेला.

मी त्याच दिवशी ठरवलं, ह्या माणसाशी बोलायचं नाही. पण एखाद्याशी बोलायचं नसेल तर आधी तो गप बसावा लागतो.

ह्या गळतीचं थोडं सांगितलं पाहिजे. सोपाननं सगळी नोकरी माळेगावाकडं साखर कारखान्यात फिटर म्हणून काढली. वाफेच्या नळ्या, जोड, वॉशर. कुठं वाफ गळतेय ते हा आवाजावरनं सांगायचा. नोकरी सुटली पण कान तसेच राहिले. ग्रामसभेत चार तास भांडण झालं, हा उठून म्हणाला, "गळती हाय," आणि घरी गेला. बाळूच्या हॉटेलात चहा आला तर घोट घेऊन म्हणतो, "दूध कुठं गळलं?" बाळू म्हणतो, "तात्या, तुमच्या पैशाला एवढंच येतं." माझी लेक इंदापूरला दिली, तिच्या लग्नात जावयाच्या पायाकडं बघून हा म्हणाला, "पोरगं चांगलं हाय, पण डाव्या पायात अंग चोरतंय." जावई अजून मला विचारतो, ते काका कोण होते म्हणून.

पायात बारा महिने कारखान्याचे बूट. लोखंडी टोपीचे. लग्नात तेच, मयतीत तेच. सगळा जन्म साखर कारखान्यात काढला आणि म्हातारपणी साखरेनंच डाव्या पायाची तीन बोटं नेली, हे तो स्वतःच सांगतो आणि स्वतःच हसतो. आपण हसलो तर मात्र त्याला चालत नाही.

त्याची बायको शेवंता पिंपरीला लेकाकडं असते. नातवाला सांभाळायला म्हणून दोन महिन्यांसाठी गेली होती. नातू आता पाचवीत आहे.

त्याच लेकानं, प्रकाशनं, व्यायामाला म्हणून गिअरची सायकल घेतली होती. डोंगरात चालवतात तसली, जाड टायरची. प्रकाश त्या सायकलवर आठ-दहा दिवस बसला असेल. मग गॅलरीत तिच्यावर कपडे वाळत पडायला लागले. सोपानला ते बघवलं नाही. त्यानं ती टेम्पोत घालून गावाला आणली. आणली ती आणली, तिसऱ्याच दिवशी कालव्याच्या चारीत घातली. बोटं नसलेला पाय पायडलावरनं घसरला आणि हा सायकलसकट खाली. चारीला पाणी नव्हतं म्हणून नुसत्या बरगडीवर निभावलं.

प्रकाश धावत आला. आल्या आल्या माझ्यासमोरच त्यानं बापाला सांगितलं, "आबा, आता एकदा जरी पडलात तर सायकल भंगारात आणि तुम्ही माझ्याबरोबर पिंपरीला. सातव्या मजल्यावर. मग बसा तिथनं लोकांचे पाय बघत."

मग दोन दिवस सोपानच्या घरातनं हातोडी-पान्याचा आवाज आला नाही, तेव्हा मला कळलं की ते त्याच्या वर्मी लागलंय. सातव्या मजल्यावर ह्या माणसानं काय करायचं? वरनं पाय दिसत नाहीत, डोकी दिसतात.

तिसऱ्या आठवड्यात पार्सल आलं आणि माझ्या आयुष्याचा खेळखंडोबा सुरू झाला.

सकाळी सहाला हाक. "ज्ञानबाऽऽ! आलं!"

मी गोधडीतनं विचारलं, "कोण मेलं?"

"पायडल आलं! भाईर ये!"

गेलो. त्यानं ओट्यावर धुतलेलं फडकं अंथरून त्यावर पायडलं मांडली होती. सोनाराच्या दुकानात दागिने मांडतात तशी. आपलं नेहमीचं पायडल तळहाताएवढं असतं. हे वीतभर लांब, पाटासारखं सपाट, आणि वर दोन्ही टोकांना बारीक बारीक लोखंडी दाते.

"हे पायडल हाय का हळद किसायची किसणी?" मी म्हणालो.

"नवी तऱ्हा हाय. आपून इतकी वरसं चवड्यानं पायडल मारतुया ते साफ चूक. पाऊल म्हंजी पूल. पुलाला दोनी बाजूला खांब पायजे का नगं? चवड्यावर जोर दिला की एकाच खांबावर पूल उभा ऱ्हातो. मग टाच लोंबकाळती, पिंडरी वढती, सगळी गळती. ह्या पायडलावर चवडा बी टेकतो अन् टाचंकडची बाजू बी टेकती. मधली कमान बरुबर आसावर. आता मला सांग, बोटांचं काम ऱ्हायलं का?"

"न्हाय."

"मग माझी बोटं गेली तर काय गेलं?"

मला त्याचं पटलं, पण त्याला सांगितलं नाही. त्यानं दोन विटा आणल्या. एका विटेच्या काठावर मला चवड्यावर उभं केलं, मग पावलाच्या मध्यावर. ह्या वयात, दात न घासता, मी विटेवर उभा. समोरनं दुधाच्या किटल्या घेऊन जाणारी माणसं थांबून बघायला लागली.

मग मला दिसलं, फडक्यावर पायडलं दोन नाहीत, चार आहेत.

"दुसरा जोड कुणाला?"

"तुला."

"मी मागितला व्हता का?"

"आरं, एका माणसावर परीक्षा हुत न्हाय. तुझी धा बोटं हायती, माझी सात. दोघांला जमलं तर ते शास्त्र. आन् प्रकाशनं सांगितलंय, एकल्यानं जायचं न्हाय. ज्ञानबाकाका संगं असला तरच सायकल भाईर काढायची. दसऱ्याला तो येतुया. तवर न पडता रोज लासुर्ण्याच्या फाट्यापतुर जाऊन आलो तर मी हितं. न्हाय तर पिंपरी."

"माझा काय संबंध?"

"तू संगं."

मी म्हणालो, मी येणार नाही. मला काम आहे. काम काही नव्हतं. ऊस वाट्यानं दिलेला, म्हैस विकलेली. दिवसभर खाटेवर बसून दाराकडं पाठ करून भिंत बघायची, हेच माझं काम चाललं होतं. पण ते मला माझ्या मर्जीनं करायचं होतं. ह्या बाबानं मी दात घासून येईपर्यंत गोठ्यातली माझी काळी सायकल बाहेर काढली, कॅरिअरवर बसलेली कोंबडी हाकलली, आणि जुनी पायडलं काढून ती किसणी बसवलीसुद्धा. प्रकाशला मी मनात अशा शिव्या दिल्या म्हणता! बाप तुझा, सायकल तुझी, जामीन मी कशाला?

पण नाही म्हणावं तर सोपान पिंपरीला जाणार. गेला असता तर बरं झालं असतं, असं मी तेव्हा दहा जणांना सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी सहाला सायकल घेऊन उभा राहिलो.

पुढचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. मी पुढं, हा मागं. मागं कशासाठी, तर माझे पाय दिसावेत म्हणून. कालव्याच्या कडेनं सगळा रस्ता ह्याचं चालू. "पुढं सरकव पाय! आजून! आरं आजून! टाच टेकव! गळतंय!" शेतात खुरपणाऱ्या बाया माना वर करून बघायच्या. त्यांना वाटायचं, माझ्या सायकलवरनं काही सांडतंय. एकीनं हाक मारून सांगितलं, "आबा, पिशवी बघा वो, फाटली वाटतं!"

बाळूच्या हॉटेलासमोरनं जाताना तर जीव नकोसा व्हायचा.

"काय ज्ञानबाकाका, आज कोण पडलं?"

"अजून कोणी न्हाय."

"मग येताना सांगा. भजी तळून ठेवतो."

आठवडाभरात त्या दात्यांनी माझ्या नडगीवर खालपासून वरपर्यंत रेघ ओढली. रक्त आलं. मी सायकल टाकून रस्त्यावरच बसलो आणि तोंडाला येईल ते बोललो. सोपान खाली वाकला. मला वाटलं, माणूसच आहे, कळवळला असेल. त्यानं खिशातनं टेप काढला आणि ओरखडा मोजला.

"बरुबर हाय," म्हणाला. "पाय दोन बोटं म्हागं व्हता. मधी आसता तर लागलं नसतं."

त्या दिवशी मी ठरवलं, ही अवदसा काढून टाकायची. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधी उठलो, त्याच्याच ओट्यावरनं त्याचा पाना उचलला. उजवं पायडल सहज निघालं. जुनं लावलं. मग डाव्याला बसलो. ते हलेना. पान्याला पाईप घालून लोंबकळलो. कमरेतनं आवाज आला, पण पायडल ढिम्म. जितका जोर लावावा तितकं ते जास्तच घट्ट. मी त्याला सोपान समजून जोर लावत होतो, तरीसुद्धा नाही. तेवढ्यात सहा वाजले आणि तो आला.

एका बाजूला वीतभर लांब पायडल, दुसऱ्या बाजूला तळहाताएवढं जुनं. मला वाटलं, आता भांडेल. भांडला असता तर बरं वाटलं असतं. तो सायकलभोवती एक फेरी मारून आला आणि त्याचा चेहरा लग्नातल्या वरबापासारखा फुलला.

"डाव्याचा आटा उलटा असतो, येड्या. तसा नसता तर चालवता चालवता आपसूक निघून पडलं असतं. तू ते ढिलं केलं न्हाईस, जाम आवळलंस. आता बैलानं वढलं तरी निघणार न्हाय." मग जरा विचार करून म्हणाला, "ऱ्हाऊ दे असंच. ह्ये माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एक पाय नव्या तऱ्हेचा, एक जुन्या. हीच खरी परीक्षा."

चार दिवस मी तसा फिरलो. एक पाय पाटावर, एक पाय पाटीवर. लासुर्ण्याच्या फाट्यावर पोहोचलो की तो विचारायचा, "डाव्या पायाला काय वाटतंय?"

"काय न्हाय वाटत."

"आन् उजव्याला?"

"त्यालाबी काय वाटत न्हाय. तुझ्या डोक्यालाच वाटतंय."

खरी गोष्ट अशी होती की चौथ्या दिवशी उजवा गुडघा ठणकत होता आणि डावा गप होता. इतकी वर्षं दोघं मिळून ठणकायचे. पण मेलो असतो तरी मी ते त्याला सांगितलं नसतं. मी उतरून सायकल झाडाला लावली आणि चहाकडं निघालो.

मागनं हा म्हणाला, "सांगू नगंस. तुझी चालच सांगतीया."

आणि मी चहा पीत होतो तेवढ्यात त्यानं पिशवीतनं लांब पायडल काढून उजवीकडं परत बसवलं. विचारलं नाही, सांगितलं नाही.

असं करत भादवा सरला. सोपान एकदाही पडला नाही. बोटं नसलेला पाय त्या पाटावर डांबरात रुतल्यासारखा बसायचा. उतारावर तर हा माणूस हँडलवरचा एक हात सोडून मला सूचना द्यायचा. दसरा आठ दिवसांवर आला आणि मी पडलो.

पडायला कारण तोच. मागनं "गळतंय, गळतंय" चालू होतं. मला इतका संताप आला की त्याला एक सणसणीत शिवी द्यायला मी पूर्ण मान वळवली. शिवी निम्मी झाली आणि सायकल कडेच्या घाणेरीच्या झुडपात शिरली. कोपर सोलपटलं, धोतर फाटलं.

सोपान उतरून आला. त्यानं आधी सायकल उभी केली, पायडल फिरवून बघितलं.

"पायडलाला काय झालं न्हाय," म्हणाला.

"आन् मला?"

"तू उठतुयास की."

मी उठलो तेव्हा त्यानं माझा दंड धरला. म्हणाला, "ज्ञानबा, प्रकाशला फोन करू नगंस."

"पडलो मी! तुझं काय जातंय?"

"तसं न्हवं. करू नगंस एवढंच."

एवढा हट्टी माणूस असा विनवण्या करायला लागल्यावर तर माझं डोकं आणखीच फिरलं. घरी आलो, कोपराला हळद लावली आणि डाव्या हातानं प्रकाशला फोन लावला. म्हणालो, "तुझा बाप काय पडला न्हाय. एकदाबी न्हाय. मी पडलो. तू तुझ्या बापाच्या पायात मला कशाला बांधलंस? म्हाताऱ्या माणसाला अटी घालताना लाज वाटती का न्हाय?"



"काका, लागलं का फार?"

"लागल्याचं ऱ्हाऊ दे. अट कशाला घातलीस ते सांग."

"पडला तर घेऊन जाणार, एवढं मी म्हणालो होतो. तुमच्यासमोरच. पण तुम्ही बरोबर पाहिजे, असं मी कधी म्हटलं? मी उलट आबांना म्हणालो, नवीन पायडलं आहेत, पाय बसत असेल तर चालवा. तर तेच म्हणाले, दोन जोड मागव. मी म्हटलं, दुसरा कशाला? म्हणाले, ज्ञानबा दाराभाईर पडंना झालाय. सोतासाठी तो उठायचा न्हाय. माझ्यासाठी शिव्या देत का होईना पण येईल. कुणी विचारलं तर तू अट घातली म्हणून सांग, म्हणाले." मग प्रकाश घाबरल्यासारखा म्हणाला, "काका, हे सांगायचं नव्हतं मला. त्यांना बोलू नका. आणि ते पडले नसतील तर राहू द्या त्यांना तिकडंच. आईला मी समजावतो."

मी फोन ठेवला. जेवायचं सुचलं नाही.

सकाळी कोपर वाकत नव्हतं, तरी निघालो. सोपाननं रस्ताभर पायाबद्दल अक्षर काढलं नाही, म्हणजे मी फोन केल्याचं त्याच्या लक्षात आलं होतं. कालव्याच्या पुलावर मी सायकल थांबवली आणि कठड्यावर बसलो. तोही बसला. कालव्याला पाणी सुटलं होतं, काठोकाठ चाललं होतं.

"प्रकाशशी बोललो," मी म्हणालो.

तो बुटाचा चिखल काडीनं काढत बसला.

"एवढा उपद्व्याप कशापायी केलास? सरळ घरात येऊन बसायचं हुतंस की."

"आलतो. दोनदा. फाटकापतुर." काडी मोडली, त्यानं दुसरी घेतली. "तुझी पाणी तापवायची चूल ईझलेली असायची. आठ-आठ वाजस्तवर धूर न्हाय. मला कळायचं. पण आत येऊन काय बोलायचं? शेवंता हितं असती तर ती बरुबर बोलली असती. मला न्हाय येत, ज्ञानबा. मला पायडलाचं येतं."



मग मीच बोललो. सरूचं. शेवटचे चार दिवस बारामतीच्या दवाखान्यात ती सारखी म्हणत होती, मला घरी न्या. आणि मी रोज म्हणत होतो, उद्या नेतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, लेकीलासुद्धा नाही. बोलताना माझं काय पुढं, काय मागं होत होतं. एकच गोष्ट दोनदा सांगितली, तीनदा सांगितली.

ऊन वर आलं. पुलावरनं दोन एसट्या गेल्या, एक दुधाचा टेम्पो गेला. सोपान पाण्याकडं बघत माझ्या शेजारी बसून होता. मी थांबलो की तो नुसतं "हां" म्हणायचा, आणि मी पुढं सांगायचो.